गफूर मुन्शीनं खाल्लेला न

कोकणातल्या खाडीकाठची माणसं बोलताना बरीच अक्षरं वाटेत सांडतात, पण एका अक्षराला जिवापाड जपतात. ते अक्षर म्हणजे न. पुण्याचा माणूस ‘भाकरी खाल्ली’ म्हणून मोकळा होतो. कोणी खाल्ली ते ज्याचं त्यानं शोधावं. दाभोळ-बाणकोटाकडे तशी सोय नाही. मी खाल्ली तर ‘खाल्ली’ आणि त्यानं खाल्ली तर ‘खाल्लीन’. मडकं फुटलं की घरातलं शेंबडं पोरसुद्धा आधी न लावून हात झटकतं, ‘फोडलान!’ म्हणजे मी नव्हे, तो. साक्ष, आरोप आणि निकाल, तिन्ही त्या एका न मध्ये येतात.

हा न अशरफ खतीबच्या घराण्यानं एकदा खाल्ला होता. निदान दाभोळात तसं म्हणत. खतिबांना गावात ‘नखाऊ’ म्हणायची पद्धतच पडली होती. लग्नाच्या जेवणात त्यांच्या थाळ्यापाशी आलं की वाढपी हटकून म्हणे, ह्यांना बेतानं वाढा रे, ह्यांचं पोट न नं भरलंय. सगळे हसत. खतीब मान खाली घालून जेवत. कारण ह्या विनोदाच्या तळाशी एका निरपराध माणसाची फाशी होती, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

न खाल्ला तो अशरफच्या आज्यानं, गफूर मुन्शीनं. विक्टोरिया राणीच्या राज्यात, मुंबईत साहेबांच्या कोर्टात, बॅरिस्टर पेनफोल्डच्या देखत.

पेनफोल्ड बॅरिस्टर झाला तेव्हा लंडनात बॅरिस्टरांचं पीक उदंड आलं होतं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. ह्याचा नवा गाऊन खुंटीवर जुना झाला तरी अशील फिरकला नाही. शेवटी तो बोटीत बसला आणि मुंबईला आला. इथं त्याचं नशीब उघडलं. अंगानं उंच आणि वाळका, आवाज मात्र भरदार. त्यानं गफूरला दुभाषी म्हणून पदरी ठेवलं आणि त्याच्याकडून थोडी मराठी उचलली. साक्षीदार काहीही बोलला की साहेब आपल्या गोऱ्या मराठीत म्हणायचा, ‘फिरून सांग.’ खरा साक्षीदार तेच फिरून सांगे. खोटा फिरून सांगताना फिरायचा, आणि साहेब त्याला तिथंच पकडायचा. ह्या दोन शब्दांवर त्यानं बंगला बांधला आणि घोडागाडी ठेवली. कोकण्यांच्या तोंडी पेनफोल्ड बसेना, म्हणून त्यांनी त्याचा पानफूल साहेब केला. पानफूल साहेबाकडे खटला दिला की निम्मा जिंकला, असं बंदरावर बोलत.

मग सुलेमान तांडेलाचा खटला आला. वादळात त्याच्या गलबतावरून यूसुफ नावाचा खलाशी पाण्यात पडला. तांडेलानं ओणवं होऊन त्याचा हात धरला. हात सुटला, यूसुफ गेला. दोघांचं आदल्या दिवशी कडाक्याचं भांडण झालेलं, म्हणून तांडेलावर खुनाचा आळ आला आणि त्याचा बचाव पानफूल साहेबाकडे. पिंजऱ्यात उभा राहून तांडेल म्हणाला, ‘हात सोडलान.’ त्यानं सोडला, यूसुफनं. गफूर मुन्शी सकाळपासून उभ्यानं भाषेची उलथापालथ करत होता, त्याची जीभ सरावानं चालत होती. त्यानं इंग्रजीत सांगितलं, ‘मी हात सोडला.’

त्या दिवशी साहेबाच्या तोंडून ‘फिरून सांग’ निघालं नाही. त्यानं त्या वाक्यावर भाषण उभं केलं. गलबत कलंडत होतं, एक हात सोडून ह्या माणसानं बाकीचे सगळे जीव वाचवले, असं ते भाषण. ऐकताना ज्युरीतल्या गोऱ्यांनी रुमाल काढले, आणि डोळे पुसून झाल्यावर तांडेलाला दोषी ठरवलं. तांडेल फासावर गेला. भाषण वर्तमानपत्रांत छापून आलं आणि साहेबाची कीर्ती विलायतेपर्यंत पोचली. लवकरच त्याला जज्ज करणार, असंही लोक बोलू लागले. तेवढ्यात अरबस्तानातून आलेल्या एका गलबतानं बातमी आणली की यूसुफ जिवंत आहे, तिकडच्या कुठल्याशा बंदरात. साहेबानं बंगल्याला कुलूप घातलं, बोटीत बसला आणि गेला तो परत आलाच नाही. गफूर मुन्शी दाभोळला आला आणि उरलेला जन्म त्यानं हो-नाहीवर काढला. म्हणतात, ‘नाही’तल्या न वर तो इतका जोर द्यायचा की समोरचा दचकायचा.

म्हणून अशरफचा बाप त्याला सांगून गेला होता, ‘शीक, साहेब हो, काय होयाचा तो हो. दुसऱ्याचा बोलना मात्र आपल्या तोंडात घेव नको.’ पोरं बापाचं ऐकतात ती बाप मेल्यावर, असं आपल्याकडे म्हणतात. अशरफनं तेव्हाही ऐकलं नाही.

तो मुंबईत शिकला, घरची बोली त्यानं तिथंच खुंटीला टांगली, आणि एकोणीसशे पन्नासनंतर कुवेतला आला. त्या दिवसांत कुवेतात हिंदी माणसाचा खटला इंग्रजांच्या कोर्टात चालायचा. इंग्रजी, उर्दू, मराठी आणि कामापुरती अरबी येणारा माणूस त्यांना हवाच होता. कोर्टातली खुर्ची मिळाली, मिरगाब मोहल्ल्यात मातीच्या भिंतींचं दोन खोल्यांचं घर मिळालं, आणि बायको फखरुन्निसा आली. नोकरी होती म्हणून इकामा, म्हणजे राहायचा परवाना, होता, इकामा होता म्हणून घर होतं. कोकणी माणसं रस्त्यात भेटली की अशरफला ‘साहेब’ म्हणत. फखरुन्निसा घरात अजून ‘खाल्लीन’ आणि ‘बोललान’ म्हणायची, आणि अशरफ तिला सुधारायचा. नखाऊच्या नातवानं बायकोच्या तोंडचेही न काढून घ्यावेत, ह्याला काय म्हणावं? पण त्याला तेव्हा त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

सत्तावन सालच्या उन्हाळ्यात दोन गोष्टी झाल्या. शहराभोवतीची जुनी मातीची भिंत सरकारनं पाडली. आणि कोर्टात महबूबचा खटला उभा राहिला.

महबूब दाभोळच्याच खालच्या अंगाचा. आगबोटीतला माल किनाऱ्यावर आणणाऱ्या पडावावर खलाशी होता. त्याच्यासोबत बाणकोटचा दाऊद होता. वाऱ्याच्या दिवशी दाऊद पाण्यात पडला, महबूबनं त्याचा हात धरला, हात सुटला. दाऊदचं प्रेत दोन दिवसांनी किनाऱ्याला लागलं. आदल्या दिवशी दोघं बिछान्याच्या जागेवरून भांडले होते, हे सगळ्या खोलीनं ऐकलेलं, म्हणून महबूबवर खुनाचा आळ. अशरफनं कागद वाचले तेव्हाच त्याला आज्याचा खटला आठवला. पण आपण मुन्शी नव्हे, शिकलेले आहोत, असं त्यानं स्वतःला बजावलं.

महबूब पिंजऱ्यात उभा राहिला. खाली मान, आवाज तोंडातल्या तोंडात. डोक्यावर पंखा खडखडत होता. तो म्हणाला, ‘हात धरललां साहेब, मंग सोडला...’ आणि शेवटचं अक्षर पंख्यात गेलं. जज्जसाहेबांनी अशरफकडे पाहिलं. सगळं कोर्ट थांबलं होतं, आणि थांबलेल्या कोर्टाची अशरफला फार लाज वाटायची. त्यानं स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, ‘मी त्याचा हात धरला होता, मग मी सोडला.’

बोलून झाल्यावर तो महबूबचं वाक्य मनात फिरवू लागला. न होता की नव्हता?

त्याच दिवशी तो पहिल्यांदा दिसला.

कुवेतात उन्हाळ्यात दुपार म्हणजे आपल्याकडची मध्यरात्र. दुकानं बंद, रस्ते ओस, कुत्रंसुद्धा भिंतीच्या सावलीत मेल्यागत पडलेलं. फखरुन्निसा आतल्या खोलीत झोपली होती. अशरफ बाहेरच्या खोलीत खाटेवर पडला होता. दाराच्या चौकटीत कोणी उभं आहे असं त्याला वाटलं. उजेड डोळ्यांवर येत होता, म्हणून आधी नुसतं काळं दिसलं. मग तो काळा गाऊन आहे हे कळलं. डोक्यावर पांढऱ्या कुरळ्या केसांचा टोप, आणि त्या टोपातून वाळू गळत होती. बारीक, संथ, थांबतच नव्हती.

अशरफला ओरडता आलं नाही. त्यानं काय केलं, तर कोर्टात सवय झालेली म्हणून बसायची खूण केली. त्या माणसानं खुर्चीकडे पाहिलं आणि मान हलवली. बसला नाही. मग भरदार आवाजात, गोऱ्या मराठीत म्हणाला, ‘फिरून सांग.’

डोळे चोळून पाहिलं तर दार रिकामं होतं. उंबऱ्यावर वाळूचा लहानसा ढीग होता. कुवेतात उंबऱ्यावर वाळू असतेच, असं म्हणून अशरफनं ती झाडून काढली.

दुसऱ्या दुपारी तो पुन्हा आला. तिसऱ्या दुपारीही आला. दर वेळी चौकटीतच उभा, दर वेळी तेच दोन शब्द. अशरफनं दार लावून पाहिलं, कडी घातली, तर तो कडीच्या अलीकडे उभा. अशरफला त्याच्या आवाजात रागच ऐकू येई. आज्याचा हिशेब नातवाकडून घ्यायला पानफूल साहेब आला आहे, ह्याबद्दल त्याला शंका उरली नाही. शहराची भिंत होती तोवर बाहेरच्या वाळूत होता, भिंत पडली आणि आत आला.

महबूबला जाऊन विचारावं, तर दुभाष्यानं आरोपीशी कोर्टाबाहेर बोलायचं नाही असा नियम. मग अशरफनं धीर करून महबूबच्या वकिलाला कोर्टाच्या व्हरांड्यात गाठलं. तरणाबांड गोरा, नुकताच विलायतेहून आलेला, स्वभावानं वाईट नव्हता.

‘साहेब, माझ्याकडून चूक झाली असेल,’ अशरफ इंग्रजीत म्हणाला. ‘आमच्या बोलीत शेवटी एक न लागतो. तो असेल तर हात दाऊदनं सोडला, महबूबनं नव्हे.’

वकिलानं घड्याळ पाहिलं. ‘खतीब, पडाव कलंडत होता. त्यानं हात सोडला नसता तर बाकीचे खलाशीही बुडाले असते. ह्यावर मी सगळा बचाव बांधलाय, आणि तो छान बसतोय. आता मध्येच दुभाषी उठून माझं ऐकण्यात चुकलं म्हणाला, तर जज्ज आमच्या एकाही शब्दावर विश्वास ठेवणार नाहीत. तुमची नोकरी जाईल ती वेगळीच. बसा तुम्ही निवांत.’

अशरफला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार हायसं वाटलं. आपण सांगितलं, ऐकायचं काम त्याचं. आज्यानं एवढंही केलं नव्हतं, असं मनाशी म्हणत तो घरी आला आणि पोटभर जेवला.

त्या दुपारी तो चौकटीत नव्हता. खाटेच्या पायाशी उभा होता. वाळू अशरफच्या पावलांवर पडत होती आणि ती गार होती, बाहेर आग पाखडत असताना गार. ‘फिरून सांग,’ तो म्हणाला. अशरफच्या तोंडून किंकाळी निघाली आणि फखरुन्निसा धावत आली.

तिला कोणी दिसलं नाही. पण तिनं नवऱ्याचं तोंड पाहिलं, पावलांवरची वाळू पाहिली, आणि उलटतपासणी न करता म्हणाली, ‘उठा. रबियाबीकडं जाव.’

रबियाबी शर्क भागात, समुद्राच्या बाजूला राहायची. म्हातारी इथंच जन्मलेली, आई अरब, बाप आपल्याकडचा. अरबी बोलायची ती अरबांसारखी आणि कोकणी बोलायची ती साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या कोकण्यांसारखी, कारण बापाखेरीज कोणाकडून शिकलीच नव्हती. पोरांची दृष्ट काढायला, दुखण्यावर फुंकर घालायला कोकणी बायका तिच्याकडे जात. अशरफ तिच्याकडे कधी गेला नव्हता. साहेबाला ते शोभत नाही.

रबियाबीनं त्याला चटईवर बसवलं. ‘कसा दिसतो?’ तिनं विचारलं.

अशरफनं सांगितलं. उंच, वाळका. काळा गाऊन.

‘डोक्यार केसांचा टोप?’

अशरफनं चमकून वर पाहिलं. टोपाचं त्यानं अजून सांगितलंच नव्हतं.

‘आनि बस म्हटला तर बसत नाय,’ म्हातारी म्हणाली. तिनं हातातली जपाची तसबी खाली ठेवली. ‘त्याला माज्या बापानं पुरलान. भिंतीच्या भायेर. मी बारकी व्हती, पन मना याद हाय.’

‘तुमच्या बापाचं नाव काय, खाला?’

‘यूसुफ. दाभोळचा.’

अशरफच्या तोंडचं पाणी पळालं. घराण्यानं सत्तर वर्षं ज्याचं नाव दबक्या आवाजात घेतलं, त्या बुडालेल्या माणसाची मुलगी त्याच्यासमोर बसून त्याला पाणी देत होती.

मग रबियाबीनं जे सांगितलं ते दाभोळात कोणालाच ठाऊक नव्हतं. तांडेल ओणवा होऊन यूसुफला ओढत होता, आणि त्याच्याबरोबर स्वतःच पाण्यात येत होता. यूसुफनं ते पाहिलं. आदल्या दिवशीचं भांडण तो तिथंच विसरला आणि त्यानं आपणहून हात सोडला. एका फळीला धरून तो तरंगला, अरबांच्या बगला गलबतानं त्याला उचललं आणि कुवेतला उतरवलं. गावी निरोप पोचेपर्यंत तांडेल फासावर गेला होता.

‘मंग काय वर्सांनी हा साहेब बंदराबंदरात शोधत आयला. माज्या बापाला बघितलान, हात लावून बघितलान, जिता हाय का. आनि रडलान. आमी त्याला भायेरची खोली दिली. पन तो बसं नाय. जेवताना उभा. झोपला तर भितीला टेकून उभा. मी बारकी, मी विचारला, तू बसत का नाय? तर बोललान...’ बापानं तिला मागाहून उलगडून सांगितलेलं असणार, पण शब्द तिला पाठ होते. ‘बोललान, मुन्शीनं मना कोर्टाच्या मधल्या सुट्टीत कानात सांगितलान. साहेब, चुकला माजा, शेवटी न हाय. तवा माजा भाषन तयार झालेला. लय चांगला भाषन व्हता. मी मुन्शीला बोललो, बस. तो बसला. तांडेल मेला. आता मना कसा बसवल?’

अशरफला वाटलं आपण ऐकलं ते चुकीचं ऐकलं. ‘आज्यानं सांगितलं होतं?’

‘सांगितलान तर. एक डाव सांगितलान.’ रबियाबीनं पुन्हा तसबी उचलली. ‘त्या उन्हाळ्यात तापानं मेला साहेब. तापात त्याचा एकच चाललेला, फिरून सांग, मुन्शी, फिरून सांग.’

अशरफ तिथंच, फखरुन्निसासमोर आणि त्या परक्या म्हातारीसमोर, ढसाढसा रडला. तो आज्यासाठी रडला, ज्याला गावानं जन्मभर एका न साठी छळलं आणि ज्यानं ‘मी सांगितलं होतं’ हे एकदाही तोंडातून काढलं नाही. का काढलं नाही, तेही आता त्याला कळत होतं. सांगितलं होतं, पण साहेबानं बस म्हटल्यावर बसला होता. एकदा सांगून बसणाऱ्याला आपण सांगितलं असं म्हणता येत नाही, हे गफूर मुन्शीला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. आणि आपण? आपणही व्हरांड्यात एकदाच सांगून घरी येऊन पोटभर जेवलो. तो दुपारचा आवाज रागाचा नव्हता. तो गयावया करत होता.

घरी जाताना फखरुन्निसानं विचारलं, ‘नोकरी जाईल?’

‘जाईल.’

‘आनि घर?’

‘तेही.’

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, ‘महबूबची आय आमच्या आळीतली.’ एवढंच. घरी आल्यावर अशरफनं खुर्ची उचलली आणि दाराशी, चौकटीला लागून ठेवली. का ठेवली ते त्याला सांगता आलं नसतं.

खटल्याच्या शेवटच्या दिवशी कोर्ट भरलं होतं. महबूबचा वकील उभा राहिला आणि त्याचं भाषण सुरू झालं. भाषण खरंच चांगलं होतं. एक हात सोडून ह्या गरीब खलाशानं, असं तो म्हणत होता, आणि लोक माना डोलवत होते. अशरफनं दाराकडे पाहिलं. भर सकाळी, पट्टेवाल्याच्या शेजारी, टोपातून वाळू गाळत तो उभा होता. ह्या खेपेला तो काही बोलला नाही. नुसता बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत अशी भीती होती की अशरफला आपली भीती लहान वाटली.

अशरफ उठला. ‘माय लॉर्ड, आरोपीचं ते वाक्य मी चुकीचं सांगितलं असण्याची शक्यता आहे.’

वकिलाचा शब्द तोंडातच राहिला. ‘खतीब, बसा,’ तो दातांतून म्हणाला.

जज्जसाहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ‘दुभाष्यानं विचारल्याशिवाय बोलायचं नसतं. बसा.’

अशरफचे गुडघे आपोआप वाकले. घराण्याचे गुडघे ते, त्यांना सवय होती. पण तो अर्ध्यावरून पुन्हा ताठ झाला. ‘मी बसणार नाही, माय लॉर्ड. मी फिरून सांगतो. माझं चुकलं असेल. त्याला एकदा पुन्हा विचारा, आणि मग मला हाकलून द्या.’

जज्जसाहेबांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग पंखा बंद करायला सांगितला. ‘विचारा.’

अशरफनं विचारलं. महबूब उठून उभा राहिला. एवढे साहेब, एवढी शांतता. आपण गावंढळ बोलून खटला बिघडवला असं त्याला वाटलं असावं. त्यानं शाळेतलं पुस्तक आठवलं आणि शुद्ध मराठीत म्हणाला, ‘मी हात धरला होता. नंतर हात सोडला.’

न नाही. बाकावर कोणीतरी हसलं. वकिलानं डोक्याला हात लावला. अशरफला क्षणभर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि मग त्याला कळलं की हा पोरगा तेच करतोय जे आपण मुंबईपासून करत आलो. साहेबांसमोर आपली आई लपवतोय.

तो पिंजऱ्याजवळ गेला. मुंबईत खुंटीला टांगलेली बोली त्यानं सगळ्यांदेखत उतरवली आणि अंगावर घातली.

‘महबूब, मी बी दाभोळचा, खतिबांचा. ते नखाऊ म्हंतात ना, त्यांतला. हय साहेब हाईत ते इसर. घरच्या वटीवर आयेला सांगतस तसा सांग. फिरून सांग.’

महबूबनं वर पाहिलं. ‘मी त्याचा हात धरललां,’ तो म्हणाला. ‘पडाव पार आडवा झालेला. मी बी चाललो व्हतो. तर दाऊद बोललान, महबूब, तू बी मरशील. मी बोललो, मी नाय सोडत. तर आपनच...’ तो रडू लागला, पण शब्द त्यानं पुरा केला. ‘आपनच हात सोडलान.’

बंद पंख्याखाली तो न सगळ्या कोर्टानं ऐकला.

सरकारी वकिलानं अर्थातच हरकत घेतली: हे व्याकरण सोयीचं आहे, दुभाषी आणि आरोपी एका गावचे आहेत. जज्जसाहेब हुशार निघाले. त्यांनी शहरातून मिळतील ती कोकणी माणसं बोलावली, दुकानदार, स्वयंपाकी, बोटीवरचे, आणि एकेकाला आत घेऊन एकच प्रश्न केला: ‘हात सोडलान’ म्हणजे कोणी सोडला? एकाही माणसाला विचार करावा लागला नाही. त्यानं, म्हणाले सगळे. बाजारातल्या एका किराणावाल्यानं तर वर विचारलं, साहेब, एवढ्यासाठी मला दुकान बंद करायला लावलंत?

महबूब सुटला. पिंजऱ्यातून उतरून तो अशरफच्या पायांशी वाकला, तर अशरफनं त्याला वरच्यावर धरलं. वकील कागद गोळा करून निघून गेला. संध्याकाळची वाट न बघता कारकुनानं अशरफला सांगितलं की उद्यापासून येण्याची गरज नाही. ज्या दुभाष्याला आपलंच बोलणं फिरवावं लागतं, तो कोर्टाच्या कामाचा नाही. अशरफनं मान हलवली. दाराकडे पाहिलं, तर पट्टेवाल्याशेजारी कोणी नव्हतं.

तो घरी पोचला तेव्हा दुपार कलायची होती. फखरुन्निसानं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ताट वाढलं. अशरफ जेवला नाही. बाहेरच्या खोलीत खाटेवर जाऊन बसला. नोकरी गेली, इकामा जाणार, घर जाणार, दाभोळला परत जावं लागलं तर लग्नाच्या जेवणात पुन्हा तेच वाढपी. तरी त्याला मोकळं वाटत होतं, आणि थोडं ओकंबोकंही वाटत होतं. चौकटीत नुसतं ऊन होतं.

बसल्या बसल्याच त्याचा डोळा लागला. जाग आली ती फखरुन्निसाच्या आवाजानं. ती खोलीच्या मधोमध उभी होती. दाराशी ठेवलेली खुर्ची आत, खाटेच्या अगदी समोर आली होती, दोन माणसं बोलायला बसतात तेवढ्या अंतरावर. तिच्या बैठकीवर वाळू होती, मूठभर, आणि मधोमध दबलेली.

‘ही खुर्ची तुमी ओढलीत?’ तिनं विचारलं.

अशरफनं खुर्चीकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यानं ते पुसलं नाही. लग्न झाल्यापासून फखरुन्निसानं नवऱ्याच्या तोंडून घरात तो न एकदाही ऐकला नव्हता.

‘ओढलीन,’ तो म्हणाला.